धक्का कुणी खायचा?

गेल्या जून महिन्यात शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी धारवाडहून निघालो, हुबळीत शाळेच्या आवारात नेहमीच्या कडुनिंबाखाली गाडी लावली आणि कार्यालयाकडे वळलो, तोच आमचा शिपाई मागून म्हणाला, "सर, मागच्या चाकापाशी तेल गळालंय बघा." मी वाकून पाहिले. मागच्या डाव्या शॉकअपचे सील गेले होते. नळीवर तेलाचा ओघळ आला होता आणि त्यावर रस्त्याची तांबडी धूळ बसून चिखल झाला होता. उजव्या बाजूचे मडगार्ड दाबून सोडले, तर गाडी एकदा वर आली आणि थांबली. डाव्या बाजूचे दाबून सोडले, तर पाळण्यासारखी चार-पाच वेळा वरखाली होत राहिली.

एवढीशी ही गोष्ट. ज्याच्याकडे नवी गाडी आहे तो गॅरेजला फोन करील आणि संध्याकाळपर्यंत मोकळा होईल. मला मात्र या वीतभर नळकांड्याने तीन महिने विचारात टाकले. तो विचार गाडीपासून निघाला आणि भलत्याच गावांना जाऊन आला. वाचकांची हरकत नसेल तर त्याच वाटेने त्यांना थोडे घेऊन जावे म्हणतो.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. १९७४ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनी म्हणूनच विकत घेतली. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेराल्ड काढली, आणि १९६१ पासून ती मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यात तयार होऊ लागली. तिचा आकार जोव्हान्नी मिकेलॉत्ती या इटालियन कारागिराने रेखाटला. बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डे मिळून एकच झाकण. ते पुढे उलटले की इंजिन, चाके, स्टिअरिंग सगळे उघडे पडते. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ही गाडी वळते. आमच्या गल्लीत रिक्षावालेही थांबून पाहतात. याच सांगाड्यावर ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन माणसांची धावरी गाडी उभी केली. म्हणजे आमची हेराल्ड ही एका नामांकित स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण. अंगात रग तीच, फक्त संसारात पडलेली.

ही गाडी मी रोज वापरतो, याचे लोकांना नवल वाटते. एका स्नेह्यांनी सुचवले, "विंटेज म्हणून नोंदवून टाका, मान मिळेल." केंद्र सरकारने २०२१ साली तसे नियम केले आहेत, पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी आणि वेगळा क्रमांक मिळतो. पण अट अशी, की मग ती रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शनाला, मेळाव्याला न्यायची, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. देव्हाऱ्यात बसवले की घरकाम सुटते, तसे. मला ते पटले नाही. दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेतो आणि चालवतो. मात्र रोज चालवायची म्हटल्यावर तिची जबाबदारी प्रदर्शनातल्या गाडीपेक्षा निराळी होते. शोभेची गाडी फक्त मालकाला जपावी लागते. रस्त्यावरच्या गाडीला सगळ्यांना जपावे लागते.

माझे मिस्त्री कारवार रोडच्या बाजूला बसतात. त्यांच्या वडिलांनी अण्णांची गाडी पाहिली, हे माझी पाहतात. त्यांनी चारी शॉकअप पाहिले आणि म्हणाले, "सर, एक गेला म्हणजे दुसऱ्याचं पण वय झालं. बदलायचे तर जोडीनं बदला." मग बाकावर बसवून, चहा मागवून त्यांनी माझ्यापुढे चार वाटा ठेवल्या. पहिली, जुनेच शॉकअप रिकंडिशन करायचे, म्हणजे उघडून नवे सील आणि तेल घालून पुन्हा वेल्डिंग करायचे. खर्च सर्वांत कमी. दुसरी, बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गाडीचे मऊ शॉकअप घेऊन त्यांचे टोक कापून, रबर बुश बदलून बसवायचे. तिसरी, इंग्लंडातून मूळ नमुन्याचे मागवायचे. तिथे हेराल्ड आणि स्पिटफायरचे सुटे भाग आजही तयार होतात. चौथी वाट म्हणजे तिथूनच शर्यतीच्या पद्धतीचे, कमी-जास्त कडक करता येणारे मागवायचे. सगळे सांगून झाल्यावर मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "सर, गाडी बसायला पाहिजे का चालवायला?"

मी हसलो. पण परतीच्या वाटेवर प्रश्न हसण्यासारखा राहिला नाही. कारण मागच्या सीटवर दर गुरुवारी माझी आई बसते. तिचे वय ब्याऐंशी. सिद्धारूढ मठाला जायचा तिचा नेम आहे आणि मणक्याचे दुखणे जुने आहे. तिच्यासाठी मऊ शॉकअप हवेत, याबद्दल घरात दुमत नव्हते. दुमत होते ते फक्त माझ्या मनात, आणि त्याला कारण होते.

ते कारण सांगण्याआधी या वस्तूचे काम काय, ते थोडे सांगायला हवे. शॉकअप धक्का खातो अशी आपली समजूत असते. खरे म्हणजे धक्का खाते ती स्प्रिंग. खड्डा आला की स्प्रिंग दबते, आणि आघात गाडीच्या अंगापर्यंत थेट जात नाही. पण स्प्रिंगचा एक स्वभाव आहे. ती घेतलेले काही विसरत नाही. जेवढे दाबले जाते तेवढे ती साठवून ठेवते आणि दुसऱ्या क्षणी परत करते. परत केले की पुन्हा ओढली जाते, पुन्हा परत करते. एका खड्ड्याचे दहा हेलकावे होतात. शॉकअप तिथे कामाला येतो. तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा. चाक वरखाली झाले की तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावे लागते, घर्षण होते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेत जाते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहावा, तो तापलेला असतो. स्प्रिंग धक्का परत करते. शॉकअप तो स्वतः तापून संपवतो. या दोहोंतला फरक मला पन्नाशी उलटल्यावर समजला, आणि तोही गॅरेजमध्ये.

आता मऊ की कडक, हा प्रश्न. शॉकअप फार मऊ असला, तर गाडी नावेसारखी झुलते. बसणाऱ्याला सुख वाटते, पण चाक जमिनीवर नीट टेकत नाही. फार कडक असला, तर चाक बारीक खडबडीवरून उड्या मारत जाते आणि पुन्हा जमीन सोडते. म्हणजे दोन्ही टोकांना परिणाम एकच, चाकाची मातीवरची पकड सुटते. रोजच्या गाड्यांत हेलकावा पुरता एका झटक्यात मारून टाकत नाहीत. तसे करायला जितका रोध लागेल त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ठेवतात. थोडे हलू द्यायचे, पण हलतच राहू द्यायचे नाही. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात सुवर्णमध्य सांगितला तो काही मोजपट्टीवरचा मध्य नव्हता. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून सहा मापे सगळ्यांना बरोबर, असे होत नाही. मिलो पहिलवानाला सहा कमी पडतील आणि आखाड्यात नुकत्याच उतरलेल्याला जास्त होतील, असे उदाहरण त्याने दिले आहे. मध्य माणसागणिक आणि प्रसंगागणिक शोधावा लागतो. गाडीचेही तसेच. एकट्याने चालवायची गाडी आणि आईला घेऊन चालवायची गाडी, यांचा मध्य एक नाही.

हेराल्डच्या बाबतीत तर हा शोध जास्तच जबाबदारीचा आहे. तिच्या मागच्या चाकांची रचना निराळी. प्रत्येक चाक आपापल्या अर्ध्या आसाच्या टोकाला लटकते आणि दाराच्या फळीसारखे वरखाली झुलते. याला स्विंग अ‍ॅक्सल म्हणतात. साध्या रस्त्यावर ही रचना सुखाची. पण वळणावर वेगात असताना चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, चाके पोटाखाली दुमडतात आणि शेपूट बाहेर फेकली जाते. शॉकअप चांगले असतील तर हे उचलले जाणे मंदावते आणि सावरायला क्षणभर मिळतो. ते गेलेले असतील, तर तो क्षण मिळत नाही.

याच रचनेवरून अमेरिकेत एक मोठे प्रकरण झाले. जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीवर राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली पुस्तक लिहून आरोप केला, की गाडी वळणावर उलटण्याचा धोका असताना कंपनीने खर्च वाचवण्यासाठी तो कमी करणारी दांडी बसवली नाही. कंपनीने उत्तर द्यायचे सोडून नेडरच्या मागे गुप्तहेर लावले, आणि १९६६ साली तिच्या अध्यक्षांना सिनेटपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. पण गोष्ट इथे संपत नाही. १९७२ साली सरकारी तपासणीने सांगितले, की कॉर्व्हेअर त्या काळच्या इतर तशा गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. मग दोष कुणाचा? मला वाटते, दोष एकट्या लोखंडाचा नव्हता. ज्या वस्तूला स्वभाव आहे, ती स्वभाव न सांगता दुसऱ्याच्या हाती देणे हा दोष होता. ट्रायम्फवाल्यांनीही उशिरा का होईना, १९७० च्या स्पिटफायरमध्ये मागची स्प्रिंग बदलून हा उपद्रव कमी केला. आमच्या हेराल्डच्या नशिबात ते आले नाही. तिचा स्वभाव मलाच सांभाळायचा आहे.

हा स्वभाव मी एकदा पाहिला आहे. हुबळी-धारवाड मार्गावर बी. आर. टी. एस.चे काम चालले होते, तेव्हाची गोष्ट. जागोजागी रस्ता फिरवलेला, पावसाळा, डांबरावर माती. त्याच्या आदल्या वर्षी मी काटकसर म्हणून आणि आईला बरे पडते म्हणून मागे कुठलेसे मऊ शॉकअप बसवून घेतले होते. नवलूरच्या अलीकडे एका फिरवलेल्या वळणावर समोर अचानक ट्रक दिसला आणि मी पाय काढला. गाडीची शेपूट अशी फिरली, की क्षणभर मला खिडकीतून आलेली वाट दिसली. गाडी थांबली ती सायकलवर दप्तर अडकवून चाललेल्या एका मुलापासून हातभर अंतरावर. तो खाली पडला नाही, ओरडला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले. गणवेश आमच्या शाळेचा नव्हता. त्याने काही फरक पडत नाही, पण तेव्हा मी तो आधी पाहिला, हे कबूल केले पाहिजे. मग त्याने सायकल सावरली आणि तो निघून गेला. मी अर्धा तास रस्त्याच्या कडेला बसून होतो.

त्या दिवशी जे कळले ते असे. मऊपणाचे सुख गाडीच्या आत बसणाऱ्याला मिळते. त्याची किंमत गाडीच्या बाहेरचा मोजतो. आतल्यांचा धक्का कमी करण्यासाठी मी बाहेरच्याचा धोका वाढवला होता, आणि ते मला दिसले नव्हते, कारण बाहेरचा माणूस माझ्या हिशेबाच्या वहीतच नव्हता. आईवरच्या प्रेमाने मी ते केले म्हणावे, तर त्या प्रेमाची हुंडी दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या नावावर फाडली होती.

माझ्या धंद्यात मी हेच केले आहे, हे आठवायला मात्र मला या जूनपर्यंत थांबावे लागले. काही वर्षांपूर्वी दहावीत एक मुलगा होता. स्वभावाने हळवा, घरची परिस्थिती बेताची. पूर्वपरीक्षेत गणितात त्याला अकरा गुण मिळाले. मी शिक्षकांना बोलावून सांगितले, "पोरगं खचेल. पस्तीस करा." त्यांनी नाराजीने केले. मुलगा खूश झाला, बापाने पेढे आणून दिले. मार्च-एप्रिलमध्ये बोर्डाची परीक्षा झाली, त्यात तो गणितात नापास झाला. पुरवणी परीक्षेला बसलाच नाही. काकाच्या हाताखाली गवंडीकामाला गेला. गवंडीकाम वाईट, असे मी म्हणत नाही. पण तो ते निवडून गेला नव्हता. त्याचा बाप शाळेत दाखला न्यायला आला, तेव्हा रागाने बोलला नाही. एवढेच म्हणाला, "सर, डिसेंबरातच कळलं असतं तर शिकवणी लावली असती हो."

मी त्या मुलाचा धक्का पचवला होता का? मुळीच नाही. मी तो स्प्रिंगसारखा दाबून ठेवला, आणि मुलाला सावरायला वेळ उरला नाही तेव्हा तो दुप्पट होऊन त्याच्या अंगावर आला. शॉकअपचे काम मी केले असते तर काय झाले असते? अकराचे अकराच राहिले असते. मी त्याला समोर बसवून ते सांगितले असते, त्याचे रडणे ऐकले असते, बापाला बोलावले असते, संध्याकाळचा तास घेतला असता. त्यात माझा वेळ गेला असता, मला त्रास झाला असता. म्हणजे तापायचे ते मी तापलो असतो. ते टाळले, म्हणून पस्तीस केले. दया म्हणून जी गोष्ट मी मनात नोंदवली होती, ती माझ्याच सोयीची होती.

हेराल्डच्या पुढच्या चाकांना खाली पितळेचा एक सांधा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिले आहे, की याला ग्रीस नव्हे, गिअरचे घट्ट तेल द्यावे. पण ग्रीसची बंदूक हाताशी असते, ग्रीस दिसायला दाट आणि भरघोस. पुष्कळ गॅरेजांत प्रेमाने ग्रीसच भरतात. ते आत सगळीकडे पोचत नाही, सांधा कोरडा झिजतो आणि एक दिवस चाकच मोडून पडते. वंगण घातले होते ना, अशी समजूत मात्र शेवटपर्यंत कायम असते. माझे पस्तीस गुण हे असे ग्रीस होते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाविषयी विचारतो, तेव्हा तो कसा बोलतो, कसा बसतो आणि कसा चालतो, असे विचारतो. वर्गात हा भाग शिकवताना मी चालण्यावरून घाईने पुढे जात असे. आता मला वाटते, अर्जुन सारथ्याशी बोलत होता, रथात बसून बोलत होता. चालण्याचा प्रश्न त्याला सहज सुचला असेल. स्थितप्रज्ञ म्हणजे ज्याला खड्डा लागतच नाही असा मनुष्य, अशी आपण कल्पना करतो. तसा मनुष्य म्हणजे स्प्रिंगच नसलेली बैलगाडी किंवा मग रस्ताच सोडून दिलेला वैरागी. मला वाटते, त्याला खड्डा लागतो, कळतो. फक्त त्याचे दहा हेलकावे होत नाहीत.

मिस्त्रींनी याच्याही पुढची एक गोष्ट दाखवली. नवा शॉकअप हातात घेऊन त्यांनी मला दाबायला लावला. तो सहज आत गेला. मग म्हणाले, "आता ओढा." ओढताना दम लागला. चांगला शॉकअप दोन्ही दिशांना सारखा नसतो. दबताना तो मऊ असतो, उलटून वर येताना दुप्पट-तिप्पट कडक असतो. धक्का घेताना वाट द्यायची. आवरायचे ते परत देताना. आपण बहुतेक माणसे याच्या उलट वागतो. कुणी टोचून बोलले, की ते ऐकून घेताना ताठर होतो आणि उलट बोलताना मात्र सैल सुटतो.

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे वाचताना आपल्या दारातली गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दर १ नोव्हेंबरला एकाच शहरात एका रस्त्यावर राज्योत्सव आणि दुसऱ्या रस्त्यावर काळा दिवस, हे बेळगावकरांना सांगायला नको. न्याय कुणाचा, हे ठरवणे माझ्या अधिकारातले नाही. मी एवढेच पाहतो, की आजोबांना बसलेला धक्का नातवाच्या अंगात स्प्रिंगसारखा साठलेला असतो. ज्या मुलाने कुठल्या कचेरीत अपमान सोसलेला नाही, तो पाटीवरच्या अक्षरांवरून दगड उचलतो. दोन्ही बाजूंना उचलतो. आणि धारवाडात मी अशीही माणसे पाहिली-ऐकली, ज्यांच्यापाशी हा हेलकावा येऊन थांबला. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. ते कानडीत लिहून कानडीचे थोर कवी झाले, १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, आणि मराठीतही त्यांनी लिहिले. जी. ए. कुलकर्णी याच गावात कॉलेजात इंग्रजी शिकवीत आणि मराठी कथा लिहीत. इकडचे आणि तिकडचे, दोघांच्याही तक्रारीला जागा होईल असे हे जगणे. पण त्यांच्या हातून पुढे गेले ते साहित्य गेले, हेलकावा गेला नाही.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावा लागतो, आणि तो लहान नाही. धक्का पचवा, हा उपदेश नेहमी कुणाला केला जातो? घरात सुनेला, कचेरीत कारकुनाला, गावात दुबळ्याला. ज्यांनी खड्डे केले ते शॉकअपचे गुण गातात, ही जगाची जुनी रीत आहे. शॉकअपने खड्डा बुजत नाही. खड्डा नगरपालिकेनेच बुजवला पाहिजे आणि अन्यायाची दाद न्यायालयातच लागली पाहिजे. शिवाय शॉकअपला मर्यादा असते. सतत आदळत राहिले तर आतले तेल फेसाळते, पातळ होते, आणि एक दिवस सील फुटते. आमच्या घरात अण्णांच्या संतापाचे सगळे हेलकावे आई चाळीस वर्षे जिरवत आली. आम्हा मुलांपर्यंत त्यातले काही पोचले नाही. तिच्या मणक्याचे दुखणे कुठून आले, हे डॉक्टर वयावरून सांगतात. मला तेवढे उत्तर पुरत नाही.

म्हणून धक्का कुणी खायचा, या प्रश्नाचे उत्तर मी असे करतो. ज्याने रस्ता निवडला, ज्याच्या हाती चाक आहे, त्याने आधी खायचा. मुख्याध्यापकाने मुलाच्या आधी, थोराने लहानाच्या आधी, आत बसलेल्याने बाहेरच्याच्या आधी. दुबळ्याला सोसायला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. स्वतः सोसायचे ठरवण्याचा अधिकार ज्याला बळ आहे त्याला आहे.

आता शॉकअपचे. रिकंडिशन करणे मी सोडले, कारण दोन बाजूंचा रोध सारखा येईल याची खात्री मिस्त्रींनाच नव्हती. मऊ शॉकअपची वाट मला बंद होती. शर्यतीचे कडक शॉकअप म्हणजे माझ्या वयाला न शोभणारी हौस, आणि आपल्या रस्त्यांवर चाक उडवणारी. इंग्लंडातून मूळ नमुन्याचे चारही मागवले. जकातीसकट जी रक्कम झाली ती येथे लिहीत नाही. दिवाळीचा अंक घरातही वाचला जातो. मागचे मात्र मूळ नमुन्यापेक्षा परतीच्या बाजूला थोडे कडक निवडले. हे मूळच्या इमानाशी सोडून झाले का, असाही विचार आला. पण मिरजेचा तंबोरा घ्या. त्याच्या तारा बदलतात, जवारी घासून पुन्हा काढतात, आणि तंबोरा तोच राहतो. कारण तो स्वर तोच देतो. आपल्या भागात जन्मलेल्या भीमसेन जोशींना गाडीचे केवढे वेड. मैफलींना ते स्वतः गाडी हाकत लांबलांब जात. गुरूची गायकी त्यांनी इमानाने घेतली, पण आवाज स्वतःचा लावला. जुने सांभाळायचे ते त्याच्या कामासाठी सांभाळायचे.

सप्टेंबरात शॉकअप बसले. मिस्त्रींनी गाडी एकदा फिरवून आणली, चाके तपासली. पुढच्या गुरुवारी आईला घेऊन मठाला निघालो. वेग रोजच्यापेक्षा कमी ठेवला होता, पाठीशी जाड उशी दिली होती. उणकलच्या पुढे एका गतिरोधकावर गाडी जराशी कडकच उतरली. मी आरशात पाहिले. तिने डोळे मिटून घेतले होते.

"लागलं का गं?" मी विचारले.

"लागलं थोडं," ती म्हणाली. "पण आता झुलत नाही. मागं मला मळमळायचं, तुला सांगितलं नव्हतं."

मला मऊ वाटणारी गाडी तिला इतकी वर्षे मळमळ देत होती, आणि मी ती तिच्याच नावाने चालवत होतो. मी काही बोललो नाही. पुढे रस्त्याच्या कडेने मुले सायकलींवरून शाळेला चालली होती. मी गिअर उतरवला आणि त्यांना जाऊ दिले.